अनुभव आहे, नोकरी कुठे आहे?

मुळशी तालुका म्हटले की जुन्या पिढीला सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह आणि टाटांचे धरण आठवते. नव्या पिढीला मात्र मुळशी म्हणजे हिंजवडी. हिंजवडी, माण आणि मारुंजी या मुळशीतल्या गावांच्या शिवारात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले आणि त्याने पुण्याच्या मध्यमवर्गाची आर्थिक घडीच बदलून टाकली. शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, वाकड, बाणेर, बावधनला गृहसंकुले उभी राहिली. पंचविशीच्या आत नोकरीला लागलेला अभियंता पस्तिशीत प्रोजेक्ट मॅनेजर होतो आणि चाळिशीत डिलिव्हरी मॅनेजर, हा जणू शिरस्ताच होऊन बसला.

या शिरस्त्याला तडा गेल्याची जाहीर कबुली जुलै २०२५ मध्ये मिळाली. देशातील सर्वांत मोठी आयटी कंपनी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) त्या आर्थिक वर्षात आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कपात करण्याचे जाहीर केले. कपातीचा रोख प्रामुख्याने मधल्या व वरिष्ठ फळीवर राहील, असेही कंपनीने स्पष्ट केले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही कपात होत नसून, ज्यांची कौशल्ये नव्या कामाशी जुळत नाहीत त्यांना सामावून घेणे शक्य झाले नाही, असा खुलासा मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी केला. कारण काहीही असो, कपातीचा अर्थ हिंजवडीत बरोबर पोहोचला. नवख्या मुलांपेक्षा पंधरा-वीस वर्षे अनुभव असलेल्यांची नोकरी अधिक असुरक्षित झाली होती.

या वयोगटाचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता असतो, मुले दहावी-बारावीला असतात, आई-वडील सत्तरीला टेकलेले असतात. त्याने शेवटचा मनापासून बायोडेटा लिहिला त्याला बहुधा दहा वर्षे उलटून गेलेली असतात. इतरांना नोकरी देण्यासाठी शेकडो मुलाखती त्याने घेतल्या. पण स्वतः नोकरी मागायला जाण्याची सवय सुटली. त्यामुळे अनुभवी माणसाने नोकरी शोधायची कशी, हा वरवर व्यक्तिगत वाटणारा प्रश्न आज पुण्यासारख्या शहराचा सामाजिक प्रश्न बनला आहे.

पिरॅमिडचे गणित

भारतीय आयटी सेवा उद्योगाची रचना पिरॅमिडसारखी आहे. तळाला कमी पगारातील तरुणांची मोठी फौज, मध्ये तिच्यावर देखरेख करणारे, आणि शिखरावर मोजके वरिष्ठ. परदेशी ग्राहकाला बिल लावले जाते ते बहुतांशी माणूस आणि तास यांच्या हिशेबाने. तळाचा विस्तार वाढत होता तोवर मधल्या थरातही दरवर्षी नव्या जागा निर्माण होत गेल्या. तळ वाढेनासा झाला, की मधल्या थरातील माणसाला वर जायला जागा उरत नाही आणि त्याच्या पगाराचे समर्थन करणेही कठीण होऊन बसते. ज्याचे काम मुख्यतः देखरेख, अहवाल आणि समन्वय हेच आहे, तो या गणितात सर्वांत आधी 'खर्चाची बाब' ठरतो.

'बेंच' या शब्दाची दहशत याच गणितातून येते. प्रकल्प नसलेला कर्मचारी बेंचवर बसतो. टीसीएसने जून २०२५ पासून लागू केलेल्या धोरणात वर्षातील किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामाचे असावेत आणि बेंचवरचा काळ ३५ दिवसांपलीकडे जाऊ नये, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेल्या प्रोग्रामरला ३५ दिवसांत दुसरा प्रकल्प मिळू शकतो. वीस वर्षांच्या व्यवस्थापकासाठी प्रकल्पात जागाच मुळात एखाद-दुसरी असते.

असा फटका मधल्या फळीला काही प्रथमच बसलेला नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा जागतिक मंदीच्या काळात हजारो अनुभवी कर्मचारी रातोरात अनिश्चिततेत सापडले होते. मे २०१७ मध्ये कॉग्निझंटने संचालक आणि त्यावरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांसाठी काही महिन्यांचा पगार देऊन स्वेच्छेने बाहेर पडण्याची योजना आणली. त्याच वर्षी जुलैमध्ये टेक महिंद्राच्या एका कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राजीनामा देण्यास सांगणाऱ्या संभाषणाची ध्वनिफीत सर्वत्र पसरली आणि आनंद महिंद्रा यांनी जाहीर माफी मागितली. दर आठ-दहा वर्षांनी ही लाट येते, हा धडा होता. आपल्याकडे तो प्रत्येक वेळी लाट ओसरताच विसरला गेला.

अर्ज करून नोकरी का मिळत नाही?

नोकरी गेलेला अनुभवी माणूस पहिल्या आठवड्यात करतो ते असे: नोकरी डॉट कॉमवर आपली माहिती अद्ययावत करतो, लिंक्डइनवर 'कामाच्या शोधात' अशी खूण लावतो आणि दिवसाला वीस-पंचवीस अर्ज पाठवतो. महिना जातो, दोन महिने जातात. उत्तरे येत नाहीत, आली तर ती यंत्राने पाठवलेली असतात. मग आत्मविश्वास खचतो आणि 'आपले वय झाले' असा निष्कर्ष तो काढतो.

वयाचा पूर्वग्रह खराच आहे. खासगी नोकरीत वयावरून डावलण्यास मनाई करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही आणि जाहिरातीतील 'अनुभव : ८ ते १२ वर्षे' ही ओळ पंचेचाळिशीच्या उमेदवाराला दारातूनच परत पाठवते. पण अर्ज निष्फळ ठरण्यास आणखी एक कारण आहे. नोकरीची संकेतस्थळे बांधली गेली ती मोठ्या संख्येने होणाऱ्या भरतीसाठी. विशिष्ट तंत्रज्ञान, विशिष्ट वर्षे, विशिष्ट पगार अशा चाळण्या लावून हजार अर्जांतून पन्नास निवडणे, हे त्यांचे काम. वरिष्ठ पदे अशी भरली जात नाहीत. ती आधी आतल्या माणसाला बढती देऊन, मग ओळखीतून आणि त्यानंतर अधिकारी शोधून देणाऱ्या संस्थांमार्फत भरली जातात. जाहिरात निघते ती बहुधा शेवटी, किंवा केवळ नियम म्हणून.

शोधसंस्थांबाबतही एक गैरसमज आहे. सल्लागाराशी बोलणे झाले की 'तो आपल्यासाठी नोकरी शोधतो आहे' असे उमेदवार समजतो. प्रत्यक्षात या संस्थेला मोबदला मिळतो तो कंपनीकडून. ती पदासाठी माणूस शोधते, माणसासाठी पद शोधत नाही. म्हणून आपल्या क्षेत्रात काम करणाऱ्या चार-पाच सल्लागारांशी नोकरी असतानाच संबंध ठेवणे, त्यांनी विचारल्यावर दुसरे योग्य नाव सुचवणे, हे उपयोगी पडते. बेकार झाल्यावर पन्नास संस्थांना एकच मेल पाठवणे फारसे उपयोगी पडत नाही. आणि उमेदवाराकडूनच 'नोंदणी शुल्क' किंवा 'हमी रक्कम' मागणारी संस्था असेल, तर तिथून तत्काळ बाहेर पडावे.

ओळख आणि वशिला

मराठी मध्यमवर्गीय मनाला इथे एक अडचण जाणवते. ओळखीने नोकरी म्हणजे वशिला, आणि वशिला म्हणजे कमीपणा, हा संस्कार खोलवर रुजलेला आहे. गुणवत्तेवर शिकलो, गुणवत्तेवर लागलो, आता कोणापाशी शब्द कसा टाकायचा? या संकोचापायी अनेक जण नोकरी गेल्याचे जवळच्या मित्रांनाही सांगत नाहीत. काही जण तर घराबाहेर पडण्याची वेळ तीच ठेवून सोसायटीत कोणाला कळू नये याची काळजी घेतात.

या बाबतीत समाजशास्त्राचा निष्कर्ष स्पष्ट आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन या उपनगरात व्यावसायिक, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक यांना नोकरी कशी मिळाली, याचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९७३ मधील निबंधातून आणि १९७४ मधील पुस्तकातून पुढे आले. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून कळली होती. लक्षणीय बाब अशी, की ती ओळख बहुधा जिवलग मित्राची नव्हती. अधूनमधून भेटणाऱ्या जुन्या सहकाऱ्याची किंवा परिचिताची होती. जवळच्या माणसांना तीच माहिती असते जी आपल्याला असते. दूरच्या माणसाकडे दुसऱ्या वर्तुळातील बातमी असते. सप्टेंबर २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर केलेल्या प्रयोगातूनही बेताच्या ओळखी नोकरी बदलण्यास अधिक साह्यभूत ठरतात, असे दिसून आले.

याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. वशिला म्हणजे पात्रता नसताना जागा मागणे. पात्रता असताना माहिती विचारणे म्हणजे वशिला नव्हे. 'माझ्यासाठी काही बघ' असे म्हटले की समोरचा संकोचतो, कारण त्याच्या हाती काही नसते. त्याऐवजी 'तुमच्या कंपनीत अमुक विभागाचे काम कसे चालते, तिथे सध्या अडचण काय आहे, त्यासाठी कोणाशी बोलावे' असे विचारले तर तो मोकळेपणाने बोलतो. दहा वर्षांपूर्वीच्या प्रकल्पातील सहकारी, दुसऱ्या कंपनीत गेलेले कनिष्ठ, जुने ग्राहक, अभियांत्रिकी महाविद्यालयातील वर्गबंधू यांची यादी कागदावर केली, तर ती सहज शंभराच्या वर जाते. आठवड्याला अशा पाच-सहा जणांशी बोलणे हे शंभर अर्जांपेक्षा अधिक फलदायी असते. त्यासाठी नोकरी गेल्याचे स्वच्छ शब्दांत सांगण्याचे धैर्य मात्र हवे.

वर्षे मोजू नका, काम सांगा

अनुभवी माणसाचा बायोडेटा बहुधा दोन चुका करतो. एकतर तो पाच-सहा पानांचा असतो. १९९९ पासूनचा प्रत्येक प्रकल्प त्यात असतो. दुसरे म्हणजे तो पदे सांगतो, काम सांगत नाही. 'दोनशे जणांचा चमू सांभाळला' या वाक्यातून नव्या मालकाला एवढेच कळते, की या माणसाला दोनशे माणसे लागतात. त्याऐवजी 'बंद पडण्याच्या बेतात असलेला प्रकल्प हाती घेतला, आठ महिन्यांत मार्गी लावला, ग्राहकाने करार वाढवून दिला' हे वाक्य त्याच्या उपयोगाचे असते. बाजारात विकला जातो तो सुटलेला प्रश्न. वर्षांचा आकडा एका मर्यादेपलीकडे पगाराची भीतीच दाखवतो.

त्यामुळे तयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग नोकरी असतानाच करावा लागतो. दर सहा महिन्यांनी आपण काय बदलले, किती खर्च वाचवला, कोणता धोका टाळला याची टिपणे ठेवावीत. नोकरी गेल्याच्या दिवशी कंपनीचा लॅपटॉप आणि मेल दोन्ही बंद होतात आणि मग पंधरा वर्षांचे काम केवळ स्मरणाच्या भरवशावर राहते. अर्थात ही टिपणे आपल्या कामाची असावीत. ग्राहकाची कागदपत्रे वा गोपनीय माहिती बरोबर नेणे हा करारभंग आहे.

सेवेतील खंड लपवण्याचा मोहही टाळलेला बरा. प्रॉव्हिडंट फंडाच्या नोंदींतून नोकरीचा इतिहास दिसतो आणि पडताळणीत तो तपासला जातो. विप्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपनीतही काम करणाऱ्या तीनशे कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे जाहीर केले होते. अशा गोष्टी कळतात, हा त्याचा अर्थ. 'कपातीत माझे पद गेले' हे वाक्य आज मुलाखतीत कोणाला धक्कादायक वाटत नाही. त्यानंतरच्या सहा महिन्यांत काय केले, हा प्रश्न मात्र हमखास येतो. प्रमाणपत्रांची माळ हे त्याचे उत्तर नव्हे. एखाद्या लहान उद्योगाला करून दिलेले काम किंवा नव्या तंत्राने स्वतः उभी केलेली छोटी प्रणाली अधिक बोलकी ठरते. व्यवस्थापक झाल्यावर ज्यांनी संगणकावर प्रत्यक्ष काम करणे सोडले, त्यांनी ते पुन्हा हाती घ्यावे, हे आज टाळता येणार नाही.

शोध कुठे घ्यावा?

हिंजवडीतील माणूस हिंजवडीतच नोकरी शोधतो, तीही आपल्यासारख्याच सेवा कंपनीत. जिथे तेच गणित, तिथे तीच कपात. याउलट परदेशी कंपन्यांनी स्वतःच्या कामासाठी भारतात उभारलेल्या केंद्रांची, म्हणजे 'जीसीसी'ची, संख्या वाढली आहे. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ मध्ये या केंद्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. या केंद्रांना विमा, बँकिंग, वाहननिर्मिती अशा एखाद्या व्यवसायाची खोल जाण असलेली माणसे लागतात. ज्याने बारा वर्षे विमा कंपनीचेच प्रकल्प केले, त्याने स्वतःची ओळख 'आयटी मॅनेजर' अशी न देता 'विमा व्यवहार जाणणारा तंत्रज्ञ' अशी करून द्यायला हवी.

दुसरे क्षेत्र अगदी शेजारी आहे. मुळशीतच पिरंगुटच्या परिसरात आणि थोडे पलीकडे तळेगाव-चाकणला शेकडो मध्यम व लहान कारखाने आहेत. त्यांच्याकडे उत्पादनाचे ज्ञान आहे. पण साठा, खरेदी, गुणवत्ता यांच्या संगणकीकरणात अनेकांची गाडी अडलेली असते. नागरी सहकारी बँका, रुग्णालये, शिक्षणसंस्था यांचीही स्थिती याहून फार वेगळी नाही. तिथला पगार हिंजवडीच्या पगाराइतका नसेल, पदनामही भारदस्त नसेल. पण निर्णयाचा अधिकार अधिक असतो आणि वय हा तिथे दोष मानला जाण्याचे प्रमाण कमी असते. ठरावीक मुदतीच्या कामाने सुरुवात करून पुढे कायम झालेले अनेक जण सापडतील.

पगाराबाबतचा निर्णय घरात बसून आधीच करावा. गेल्या पगारावर तीस टक्के वाढ ही मागणी कपातीनंतर टिकत नाही. आपल्याला किती लागते, किती कमी झाले तर चालेल आणि कशाच्या बदल्यात, याची उत्तरे पती-पत्नींनी मिळून काढलेली असली तर मुलाखतीत घासाघीस करताना आवाज कापत नाही.

राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

कपातीच्या वेळी बहुतेक अधिकाऱ्यांकडून राजीनामा मागितला जातो आणि 'रेकॉर्ड चांगले राहील' या आश्वासनावर ते सहीही करतात. सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी घेऊन पुण्यातील 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना केंद्रीय कामगार मंत्रालय आणि राज्य सरकार यांच्यापर्यंत गेली होती; कंपन्या असे आरोप नाकारत आल्या आहेत. वस्तुस्थिती काहीही असो, कायद्यातील फरक समजून घेणे आवश्यक आहे.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ ने कपातीबाबतचे संरक्षण 'कामगारा'ला दिले होते आणि व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना त्यातून वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती भिंत कायम ठेवली. पर्यवेक्षकासाठीची वेतनमर्यादा तेवढी महिना १८ हजार रुपयांवर नेली. म्हणजे हिंजवडीतील व्यवस्थापकाचे संरक्षण हे मुख्यतः त्याचे नियुक्तिपत्र. नोटिशीचा काळ, त्याऐवजी द्यायची रक्कम, बोनसचा हिशेब, शेअर्सच्या अटी या सगळ्या गोष्टी त्या कागदावर अवलंबून असतात, आणि तो कागद अनेकांनी रुजू होतानाही वाचलेला नसतो. नेमके काम व्यवस्थापकीय आहे की नाही, हे केवळ पदनामावरून ठरत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेण्यात शहाणपण आहे.

दोन बाबी मात्र अधिकाऱ्यांच्याही बाजूच्या आहेत. वेतन संहितेतील 'कर्मचारी' या व्याख्येत व्यवस्थापकही येतो आणि नोकरी संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत देय वेतन चुकते करावे, अशी तरतूद त्या संहितेत आहे. पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्कही पदावर अवलंबून नाही. अनुभवाचे प्रमाणपत्र, कार्यमुक्तीचे पत्र आणि हिशेब लेखी मिळाल्याशिवाय तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

घरचे नियोजन याला जोडूनच येते. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्यविमा नोकरी असतानाच घ्यावा. पंचेचाळिशीनंतर तो महाग पडतो. वरिष्ठ पदाच्या शोधाला सहा ते नऊ महिने लागू शकतात असे गृहीत धरून तेवढ्या महिन्यांचा खर्च आणि हप्ते बाजूला असावेत. हप्ता थकण्याआधी बँकेशी बोलावे, थकल्यानंतर नव्हे. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावणे हा अगदी शेवटचा उपाय.

एकट्याचा प्रश्न नव्हे

एवढे सगळे सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरते. नोकरी शोधण्याची सगळी युक्ती व्यक्तीला शिकवून उद्योगाला आणि सरकारला मोकळे सोडता येणार नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार शंभर वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीपूर्वी साठ दिवसांची सूचना द्यावी लागते आणि ती व्यवस्थापकांनाही मिळते. हिंजवडीतील कंपन्यांचे ग्राहक प्रामुख्याने त्याच देशातील. तेथील व्यवस्थापकाला जी पूर्वसूचना हक्काने मिळते, ती इथल्या व्यवस्थापकाला मालकाच्या मर्जीवर का मिळावी? नव्या संहितेने कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतक्या रकमेचा पुनर्कौशल्य निधी ठेवला. मधली फळी त्यातूनही बाहेरच राहिली.

टीसीएसने कपात जाहीर करताना नोटिशीच्या वेतनाबरोबरच नवी नोकरी शोधण्यास साह्य देण्याचेही म्हटले होते. असे साह्य प्रत्येक मोठ्या कंपनीच्या धोरणाचा लेखी भाग व्हावा, ही मागणी अवास्तव नाही. हिंजवडीसाठी जमीन, पाणी आणि रस्ते सरकारने पुरवले. तिथे उमेदीची वीस वर्षे काढलेल्या माणसाला पिरंगुट-चाकणच्या उद्योगांशी जोडून देणारी एखादी यंत्रणा उभारणे औद्योगिक महामंडळाला आणि उद्योगसंघटनांना अशक्य नाही. तोपर्यंत ज्यांची नोकरी आज शाबूत आहे, त्यांनी ओळखीची यादी, कामाची टिपणे आणि नियुक्तिपत्र या तीन गोष्टी या आठवड्यातच काढून पाहाव्यात. नोकरी असतानाची ही तयारी एका सुट्टीच्या दिवसात होते. नोकरी गेल्यावर तिलाच महिने लागतात.